पोत्याखालची शेगडी

‘सदर वस्तीत घरांची तूट शून्य आहे,’ असे नागेंद्र यांनी वाचले, आणि ते पुढच्या वाक्याकडे वळण्याआधीच परशरामने पहिल्या रांगेतल्या सर्वेक्षकाच्या नाकावर ठोसा मारला.

श्रेयांस खुर्चीसकट मागे कोसळला. दुसरा ठोसा कानावर बसला. निपाणीकडचा हा सडसडीत तरुण एका सल्लागार संस्थेच्या नोकरीत होता. वस्तीतली घरे मोजण्याचे काम त्यानेच केले होते. परशरामचा हात उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतीव लोखंड उचलणारा हात होता. त्याने श्रेयांसची कॉलर धरून त्याला अर्धवट उभे केले.

“शून्य कुठं ऱ्हातंय, दाव मला. दाव की रं. आमच्यात नऊ माणसं हाईत, त्यातलं शून्य कंचं?”

चौघांनी मिळून परशरामला मागे ओढले. मंगल कार्यालयाच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली थर्मोकोलची मोरजोडी अजून चिकटलेली होती. तिच्याखाली श्रेयांसच्या नाकातले रक्त पांढऱ्या शर्टावर उतरत राहिले. व्यासपीठावर नियोजन खात्याचे सहायक संचालक नागेंद्र यांनी पेनाचे टोपण लावले आणि शांतता होईपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणे हा त्यांच्या खात्याचा मूळ व्यवसाय होता.

अहवालाचे तर्कशास्त्र निर्दोष होते. चुली मोजायच्या. जितक्या चुली तितकी कुटुंबे, आणि कुटुंबांइतकी छपरे असली की तूट संपली. मच्छेकडच्या या कामगार वस्तीत प्रत्येक छपराखाली नेमकी एकच चूल सापडली होती. त्या छपराखाली माणसे कशी झोपतात, आळीपाळीने झोपतात की बसूनच रात्र काढतात, हे कुणी विचारले नव्हते. झोप हे मापनाचे एकक नव्हते. एवढ्या नेटक्या निष्कर्षानंतर वस्तीशेजारची सरकारी जमीन घरांसाठी राखून ठेवायचे कारणच उरत नव्हते. ती गोदामांना देण्याची शिफारस अहवालाच्या शेवटच्या पानावर नम्रपणे उभी होती.

अडचण एकच होती. त्याच सरकारच्या पोलीस खात्याने त्याच वस्तीतल्या एका घरातून एक शेगडी जप्त केली होती. लहान सिलिंडरवर बसवलेली, एका बाजूने चेपलेली. नियोजन खात्याच्या लेखी ती शेगडी अस्तित्वातच नव्हती. पोलिसांच्या लेखी तिच्यावर साईराज नावाच्या माणसाचे रक्त होते.

साईराजची बायको तेजस्वी तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या उजव्या हाताला सासू जयाबाई होत्या आणि डाव्या हाताला, लहान पोराला मांडीवर घेऊन, थोरली जाऊ. साईराजला मारणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाची, भावकूची ती बायको. तिघी एकाच रिक्षातून आल्या होत्या, कारण तिघी एकाच खोलीत राहत होत्या. नवरा गेल्यापासून तेजस्वी रोज रात्री त्याच्या मारेकऱ्याच्या बायकोच्या पाठीला पाठ लावून झोपत होती. अहवालाप्रमाणे तूट नव्हती.

परशरामचा ठोसा पाहताना तेजस्वीने पदराचे टोक मुठीत आवळून धरले होते. श्रेयांसला ती ओळखत होती. घरे मोजायला तो दारात आला तेव्हा दार तिनेच उघडले होते.

ती सकाळची वेळ होती. भावकू पहिल्या पाळीला गेला होता आणि रातपाळी करून आलेला साईराज खोलीच्या कोपऱ्यात घोरत होता. दोन्ही भावांचे अंथरूण एकच होते. एक उठायचा आणि दुसरा त्याच उबेत शिरायचा. दोन जावांच्या चुली मात्र वर्षभरापूर्वी वेगळ्या झाल्या होत्या. भांडण तसे काही मोठे नव्हते. थोरलीच्या पोरांना तिखट चालत नव्हते आणि साईराजला तिखटाशिवाय घास उतरत नव्हता. थोरलीची शेगडी ओट्यावर राहिली, तेजस्वीचा लहान सिलिंडर दाराआडच्या फरशीवर आला. खोली तीच, भिंती त्याच. बाहेरच्याला याचा पत्ता नव्हता, आणि तो लागू नये यासाठी जयाबाई दोघींच्या ताटांतून भाजी इकडची तिकडे फिरवत.

“बाहीर सर्वेवाला आलाय,” त्या दिवशी जयाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “चार माणसांत घर फुटल्यालं दावू नगं गं. झाक ती.”

तेजस्वीने आमटीचे पातेले उतरवले आणि गरम शेगडीवर तांदळाचे रिकामे पोते टाकले. दार उघडले तेव्हा श्रेयांसच्या मागे निम्मी गल्ली मान उंचावून उभी होती.

“वैनी, चूल एकच ना तुमची?” त्याने विचारले. प्रश्नातच उत्तर घालून देण्याची ही पद्धत त्याला कुणीतरी शिकवली असावी. एका दिवसात सगळी वस्ती संपवायची होती.

“व्हय. एकच.”

“काहीतरी करपतंय बघा आत.”

“आमटी लागली असंल,” ती म्हणाली.

तो हसला आणि पुढच्या दाराकडे गेला. पोत्याला मध्यभागी गोल भोक पडले होते. ते पोते पुढे दारात पाय पुसायला आले.

मग फौंड्रीने रातपाळी बंद केली. मालकाने कुणाला कामावरून काढले नाही, याबद्दल युनियनच्या फलकावर त्याचे आभारही मानले गेले. सगळे कामगार दिवसपाळीवर आले, आणि ज्या खोलीत दोन भाऊ कधी एकावेळी आडवे झाले नव्हते, तिथे दोघे एकाच रात्री आडवे व्हायला आले. थोरलीची मुलगी दहावीला होती. ती भिंतीकडे तोंड करून वाचायची आणि कपडे बदलायला शेजारी जायची. तेजस्वी आणि साईराज आठवडेच्या आठवडे एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोलले.

एका रविवारी संध्याकाळी साईराजने प्लायवूडचे तुकडे आणले आणि खोलीच्या मधोमध ठोकायला घेतले. भावकू बाजारातून आला तेव्हा आडोसा छातीइतका उंच झाला होता आणि खिडकी साईराजच्या बाजूला गेली होती.

“काढ ते,” भावकू म्हणाला.

“का काढू? मी काय तुझ्या दारात भाड्यानं ऱ्हातो व्हय, अण्णा?”

“पोरीचा उजेड गेला. काढ म्हंतो न्हवं.”

“तुझी पोरगी, तुझा उजेड. आन माझी बायको काय रस्त्यावर झोपवू?”

भावकूने प्लायवूडला लाथ घातली. खिळे भिंतीतून पोपड्यांसकट निघाले. साईराजच्या हातात हातोडी होती. ती भावकूच्या खांद्यावर उतरली, आणि हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला. दुसऱ्यांदा हातोडी उगारली गेली तेव्हा थोरली मध्ये पडली आणि तिच्या कपाळावर चीर पडली. भावकूने चांगला हात लांब केला. दाराआड तेजस्वीची शेगडी पेटलेली होती, वर आमटी रटरटत होती. त्याने ती बर्नरखालच्या तापल्या लोखंडाला धरून उचलली, आमटीसकट, आगीसकट, आणि भावाच्या डोक्यात घातली. साईराज गुडघ्यांवर आला. भावकूने पुन्हा घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा साईराजच्या बाजूने भांडण संपलेले होते.

उकळती आमटी तेजस्वीच्या पायांवर सांडली होती. तिला ते दुसऱ्या दिवशी कळले. ज्योत विझली होती आणि गॅस फुसफुसत होता. जयाबाई पुढे झाल्या, मोठ्या लेकाच्या हातातला सिलिंडर त्यांनी खाली ठेवायला लावला आणि बटण बंद केले. मग त्या धाकट्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. भावकूच्या तळहाताची कातडी लोखंडाला चिकटून निघाली होती. आयुष्यभर रसरशीत लोखंडाजवळ काम केलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच एवढे भाजले होते.

नागेंद्र यांच्या आवाजाने तेजस्वी सभागृहात परतली.

“हल्ला झाला तरी मी तक्रार देत नाही,” ते म्हणत होते. “आमचा आकडा तुमच्याच तोंडचा आहे बघा. आम्ही चूल लपवली नाही. आता जप्त शेगडीमुळं एका घराची माहिती खोटी होती असं दिसतंय. ठीक. नियम सोपा आहे. ज्यानं खोटी माहिती दिली त्यानं तसं लेखी कबूल करावं. त्याच्या कुटुंबाला, म्हणजे त्याच्या चुलीला, नव्या घरांतून वगळलं जाईल. बाकी वस्तीची फेरपाहणी लावतो. कबुली नसेल तर अहवाल कायम.”

 प्रत्येकाच्या घरी काही ना काही झाकलेले होते. पण पुरावा एकाच घराचा होता.

“म्हंजे खरं बोलंल त्याला घर न्हाय,” परशराम म्हणाला. त्याला अजून दोघांनी धरून ठेवले होते. “लई भारी नियम हाय, सायेब.”

“नियम मी केलेला नाही, आप्पा.”

तेजस्वीला हे आधीच ठाऊक होते. आठवड्यापूर्वी घरी या नियमाची नोटीस आली तेव्हापासून तिने मनात एकच गोष्ट घोकली होती: उठायचे, आपले नाव सांगायचे आणि बसायचे. मग वस्तीला खोल्या मिळतील, परशरामच्या नऊ जणांना घर मिळेल, आणि ती स्वतः त्याच खोलीत, त्याच पाठीला पाठ लावून म्हातारी होईल. दाराआडची फरशी तिने कितीदा तरी घासली होती. सांध्यांतला काळा रंग गेला नव्हता.

तिने चपलेत पाय सरकवला. ती अर्धी उठली होती तेवढ्यात जयाबाईंचा हात तिच्या मांडीवर पडला. म्हातारीच्या हातात एवढी ताकद उरली असेल असे तेजस्वीला वाटले नव्हते.

“बस गं.”

“आत्या, सोडा.”

“बस म्हंते न्हवं.”

जयाबाई स्वतः उठल्या. मुलाखतीच्या दिवशी त्या तुरुंगात जाऊन आल्या होत्या. एका लेकाला मारलेल्या दुसऱ्या लेकाला भेटायला त्या पहिल्यांदाच गेल्या, आणि परत आल्यावर तिथे काय बोलणे झाले ते कुणाला सांगितले नाही. त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि व्यासपीठावर नेऊन ठेवला. तुरुंगाचा शिक्का होता आणि खाली भावकूची वेडीवाकडी सही होती. भाजलेला हात अजून नीट मिटत नसावा.

थोरलीने कागदाकडे पाहिले नाही. तिने पदर कपाळावरच्या खुणेपर्यंत ओढला आणि मांडीवरच्या लहान पोराचे केस बोटांनी विंचरत राहिली. त्या कागदाने कुणाचे घर जाणार, हे तिला घरातून निघतानाच माहीत होते.

नागेंद्र यांनी कागद मनातल्या मनात वाचला आणि श्रेयांसकडे वळले.

“त्या घरात दारात कोण आलं होतं? आठवतंय?”

श्रेयांसने नाकावरचा रुमाल काढला. त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिले. तेजस्वीनेही त्याच्याकडे पाहिले आणि नजर हलवली नाही. करपलेल्या पोत्याचा वास दोघांनाही आठवत असावा.

“गडीमाणूस होता, सर,” तो म्हणाला. “नाव विचारायचं राहिलं.”

“नक्की?”

“व्हय, सर.”

नागेंद्र यांनी टोपण काढले, कागद सरळ केला, आणि नोंद व्हावी म्हणून आरोपीची कबुली शब्द न बदलता मोठ्याने वाचली:

“साईराजला म्या मारलं. शेगडी उचलून डोसक्यात घातली. सर्वेवाला आलता तवा दारात म्याच हुतो. शेगडीवर पोतं म्याच टाकलतं, आन आमची चूल एकच हाय म्हणून म्याच सांगिटलं. तेजस्वी त्या येळला पाण्याला गेलती. तिला ह्यातलं काय बी ठावं न्हाय.”