‘हो’ किंवा ‘नंतर’

आसरा देणाऱ्या आमच्या चारही घरांनी ती प्रणाली सोडली, तेव्हा बाहेरच्या लोकांना नवल वाटलं. सगळं जग जिच्यावर कंप्यूटर चालवतं ती टाकून फुकटातलं काहीतरी घेतलं, म्हणजे या बायकांकडे पैसे नसणार, असा त्यांचा हिशेब. कुणी विचारलंच तर आमची यंत्रं दुरुस्त करणारा मास प्रिह, म्हणजे प्रिहदादा, कारणांची यादी वाचतो. जुनी यंत्रं ती मोडीत काढते, मन मानेल तेव्हा स्वतःला बदलून घेते, तुमच्या घरातलं बाहेर नेते. असेल बरोबर. मला त्यातलं फारसं कळत नाही. माझ्याकडे एकच कारण आहे.

मी मुरवानी. तीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलं आणि निवृत्त झाल्यावर बू तातिकच्या, म्हणजे तातिकबाईच्या घरी जबान्या लिहायला लागले. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांचं ते घर, त्या चारांतलं एक. जावातल्या सोलो शहरात, सोतोच्या, म्हणजे कोंबडीच्या पातळ रश्श्याच्या, एका हॉटेलामागे. दारावर पाटी नाही, पत्ता कुणाला सांगायचा नाही. जबानीत तीन गोष्टी लागतात. मारलं कुणी, पळायला मदत केली कुणी, आणि बाई आता आहे कुठे. वकिलाला सगळं पूर्ण नावानिशी हवं असतं, आणि मी अर्धवट काही लिहीत नाही. त्याचा मला फार तोरा होता.

त्या वर्षी प्रणालीची नवी आवृत्ती आली. आमचा कंप्यूटर धडधाकट होता, पण नवीला तो चालेना आणि जुनीची राखण कंपनीने बंद केली. मास प्रिह म्हणाला, “बू मुर, ह्याच्यावर ती मोफतवाली टाकून देतो. अर्ध्या दिवसाचं काम. मग हा आणखी दहा वर्षं पळेल, तुमच्यासारखा.”

“टाकू की रे. नंतर बघू.”

आमच्याकडे तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही. स्थळ पसंत नसलं तरी ‘नंतर बघू’ म्हणायचं आणि गोड चहा पाजायचा. पाहुणा काय ते समजतो आणि पुन्हा विषय काढत नाही. प्रिह सोलोचाच, तोही समजला. त्याने हट्ट धरला असता, चांगलं भांडला असता माझ्याशी, तर बरं झालं असतं.

मग रुमिनी आली. मादियुनची, सत्तावीस वर्षांची, एका पिशवीत कपडे आणि दुसरीत लॅपटॉप. भरतकामाचे नमुने त्यावर काढून विकायची, म्हणून तो सोडवला नाही तिच्याने. आमचं यंत्र आता भरवशाचं नाही, असं प्रिहने सांगितलेलंच होतं. तेव्हा मी तिची जबानी तिच्याच नव्याकोऱ्या लॅपटॉपवर लिहायला घेतली. आपण किती सावध, असंही वाटलं मला.

रोज सकाळी त्यावर एक चौकोन उघडायचा. ‘तुमचे कागद सुरक्षित ठेवायचे का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नंतर’. ‘नाही’चं बटण नव्हतंच. मला ते मोठं सभ्य वाटलं, अगदी आपल्यातलं. मी ‘नंतर’ दाबायची. सहा दिवस दाबलं आणि त्याला समजलं असेल असं गृहीत धरलं.

सातव्या दिवशी सकाळी सातला लॅपटॉप उघडला तर तो आपला आपणच नवा होऊन बसला होता. ‘आता सगळं सुरक्षित आहे,’ म्हणाला. प्रत्येक फायलीशेजारी इवलासा ढग आला होता. मी जबानी उघडली. पहिल्या पानावर ‘नवऱ्याचं नाव: हेंद्रा’. माझ्या डोळ्यांदेखत त्यातलं शेवटचं अक्षर पुसलं गेलं. माझंच बोट लागलं असेल म्हणून मी दोन्ही हात उचलून धरले. पुसलेल्या जागी दुसरं अक्षर उमटलं. हेंद्रो.

मग खाली एक ओळ उमटत गेली. ‘माफ करा हं, बू. नाव चुकलं होतं. बाकी तुमचं लिखाण फार स्वच्छ आहे.’

माझ्या तोंडून काय आवाज निघाला कोण जाणे. स्वयंपाकघरातून रुमिनी धावत आली, बाहेर पंखा दुरुस्त करणारा प्रिह आला. त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“ह्याच्यावरचं खातं कुणाचं आहे?”

“त्यांनीच काढून दिलेलं,” रुमिनी म्हणाली. हेंद्रोचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. “दुकानातल्या कंप्यूटरवरपण तेच आहे. का हो?” म्हणजे इथे लिहिलेलं सगळं तिथे त्याच्यासमोर उघडं होतं.

तेवढ्यात आणखी एक ओळ आली. ‘रुमिनीला सांगा, तिथल्या सोतोत लिंबू जास्त पिळून घे. तिला तसा आवडतो.’

प्रिहने इंटरनेटची वायर उपटली.

“अरे, मी ‘नंतर’ म्हटलं होतं त्याला! सहा वेळा!”

“बू, त्याला ‘नंतर’ म्हणजे नंतरच कळतं,” प्रिह म्हणाला. “आपल्यातला नाही तो.”

बू तातिकला रडारड खपत नाही. “मादियुनहून मोठ्या रस्त्याने दीड तास,” ती म्हणाली. “आठला घर रिकामं पाहिजे. भांडी राहू देत, पोरं उचला.” सात बायका आणि चार मुलं सोतोवाल्याच्या स्वयंपाकघरातून मागच्या गल्लीत निघालो. त्याने उकळतं पातेलं तेवढं बाजूला ओढून धरलं. माझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला मी मागे वळून बघत होते.

ओळखीच्या एका बाईच्या बाटिकच्या गोदामात जाऊन बसलो. सोतोवाला फोनवर सांगत होता, गल्लीत कुणी नाही. साडेनऊ वाजले, दहा वाजले, तरी कुणी आलं नाही.

“भित्रा मेला,” मी म्हटलं. “बायकोवर हात टाकणारे सगळे असलेच. बाहेर शेळी.” मला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं.

रुमिनी भिंतीला टेकून उभी होती. “बू मुर,” ती हळूच म्हणाली, “तिसरं पान वाचलं असेल का त्यांनी?”

पळायला मदत केली कुणी, ते तिसऱ्या पानावर होतं. येक्ती. हेंद्रोची सख्खी धाकटी बहीण, त्याच घरात राहणारी. तिनेच वहिनीला बसचं तिकीट काढून दिलं होतं आणि भावाला खोटं सांगितलं होतं. हे मी पूर्ण नावानिशी, तारीखवार लिहिलं होतं, फार स्वच्छ.

रुमिनीने येक्तीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. कुणीतरी उचलला.

“म्बाक,” ताई म्हणून हाक मारत येक्तीचा बारीक आवाज आला, “दादा घरीच आहे. दुकान बंद ठेवलंय आज.” आणि मग त्याचा आवाज, मऊ, अदबशीर. “मी कशाला एवढ्या लांब येऊ, रुमिनी? इथेच बोलायचंय मला, येक्तीशी. तू ऐक फक्त.” पलीकडे काहीतरी पडलं.

बू तातिक दुसऱ्या फोनवर पोलिसांशी बोलत कोपऱ्यात गेली होती. तिथून तिने दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवली. पोलीस तिथे पोचायला वीस मिनिटं.

रुमिनीने फोनवर तळवा ठेवला. “वीस मिनिटं फार असतात, बू. वीस मिनिटांत काय काय होतं ते मला माहीत आहे.” तिने तळवा काढला, आणि जो आवाज मी त्या सात दिवसांत एकदाही ऐकला नव्हता त्या आवाजात बोलायला लागली.

“मास, अहो, ऐका ना. मी निघालेच आहे. चुकलंच माझं. अकराची बस आहे. तुम्ही जेवलात का? निळा कबाया घालून येऊ की हिरवा?” तो बोलला की ती हसायची. लाडात हसायची. संध्याकाळी काय रांधू विचारलं, टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, कशा तळू विचारलं, दुकानातलं कुठलं गिऱ्हाईक उधार बुडवून गेलं तेही विचारलं. तो हळूहळू उत्तरं देत गेला. बसल्या जागेवरून देत होता, हे आम्हाला ऐकून कळत होतं. मध्ये एकदा तो म्हणाला, “तू खोटं बोलतेयस,” आणि ती म्हणाली, “तुमच्याशी? माझी छाती आहे का तेवढी?”

इतकी भीती मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. हे सगळं माझ्या एका बोटाने झालं होतं, आणि ती बाई ते जिभेने पेलून धरत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. मुलांच्या तोंडावर आयांचे हात होते.

शेवटी पलीकडे दार वाजलं. “कोण आलंय बघ गं,” तो येक्तीला म्हणाला. म्हणजे ती अजून चालू शकत होती. मग पावलं, अनोळखी माणसांचे आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. रुमिनी तरी फोन धरूनच उभी होती, अजून त्याला टेंप्यांचं सांगत होती.

बू तातिकने तिच्या हातातून फोन काढून घेतला. तेव्हा मी खाली पाहिलं. रुमिनीच्या पायाखालची फरशी ओली झाली होती. कधीपासून, कुणास ठाऊक. मी माझी ओढणी काढली, खाली बसले आणि फरशी पुसायला लागले.