पाठलागाचं गाऱ्हाणं

भाट्याच्या रस्त्यावर अप्पांना पोलिसांच्या जीपने उडवलं त्याला पाच महिने झाले होते, आणि ज्याच्या हुकमाने ती जीप पळत होती तो फौजदार राकेश तोडणकर आज फळ्यावर ‘सुरक्षित पाठलाग’ असं सुवाच्य अक्षरात लिहीत होता.

मयताची मुलगी म्हणून योगिनीला बोलावलं होतं. समोर तीसेक पोलीस चालक, शेजारच्या खुर्चीत वरिष्ठ कार्यालयातून आलेल्या अधिकारी दीपाली मॅडम.

“ताई, दोनच शब्द बोला,” चहाच्या वेळी तोडणकर म्हणाला होता. “आमची माणसं जरा गलबलली की पाय आपोआप हलका पडतो.”

“तुमचा पडला का, साहेब?”

“पाय माझा नव्हता, ताई. गाडी दत्ताराम चालवत होता.”

त्या दिवशी नाकाबंदी चुकवून एक मोटारसायकलवाला पळाला होता. त्याचा नंबर टिपलेला होता, घर ठाऊक होतं. दुसऱ्या सकाळी तो घरीच आंबोळी खाताना सापडला. तरी भर दुपारी, वस्तीतून, जीप नव्वदने नेली. कंट्रोल रूममधून ‘थांबा’ आलं होतं का? नाही, असं तोडणकरने लिहून दिलं, आणि खाली दत्तारामने सही केली. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग बिघाडामुळे सापडत नव्हतं. योगिनीला तो अहवाल स्वल्पविरामांसकट पाठ होता. भरपाई तिला नको होती. तोडणकरची वर्दी उतरलेली पाहायची होती, आणि ते फक्त दत्तारामच्या तोंडून होणार होतं. तो शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

“नंबर मिळाला, की पाठलाग सोडा. वस्ती आली, सोडा. कंट्रोलने थांबा म्हटलं, की वाद न घालता थांबा,” तोडणकरने आटोपतं घेतलं. “आता ताई बोलतील.”

योगिनी उठली. लिहून आणलेलं भाषण तिने पर्समध्येच ठेवलं. अप्पा गावचे मानकरी. शिमग्याला देवापुढे साऱ्या गावाच्या वतीने मागणं मागायचं ते गाऱ्हाणं तेच घालायचे. बायका घालत नाहीत. पण तीस वर्षं तिने ते ऐकलं होतं.

“बा देवा म्हाराजा!”

सभागृह दचकलं. मग सवयीने, तीस गळ्यांतून एकदम आलं, “व्हय म्हाराजा!”

“अहो ताई, हे काय...” तोडणकर हसला.

“तुझी लेकरं आज हितं जमली. त्यांच्या गाड्या घाटावळणाला सांभाळ म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वाटेनं चालणारा म्हातारा सांभाळ म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आवाज आता देवळातला झाला होता.

“आणि ज्याच्या कानी ‘थांबा’ पडलं नि तो थांबला नाय, वर खोटं लिहून दिलं, त्याचं वाटोळं कर. त्याला अन्न गोड लागू देऊ नको. त्याच्या पोराबाळांनी त्याचं नाव टाकावं म्हाराजा!”

“व्हय...” निम्म्यात तुटलं. गाऱ्हाण्याला कोणी गप्प राहत नाही, आणि दत्ताराम गप्प होता. माना एकेक करून मागे वळल्या.

तो उठला. “माज्यानं व्हय म्हनवत नाय, ताई. माका दोन पोरी हायत.” ओठ पुसून तो म्हणाला, “थांबा दोनदा आलं. मी पाय काढला. सायेब म्हनले, दाब, मी बघतो. आनि वायरलेसचा आवाज बंद केला.”

“दत्ताराम, खाली बस!”

“त्यांना उभं राहू द्या,” दीपाली मॅडम म्हणाल्या. “तोडणकर, तुम्ही बसा.”

जबाब तिथेच लिहिला गेला. दत्तारामने सही केली, मॅडमनी तारीख घातली. तोडणकर बाहेर व्हरांड्यात फोनवर कोणाची तरी विनवणी करत होता. योगिनी ते नीट ऐकू येईल अशा खिडकीपाशी उभी होती.

दत्ताराम हात जोडून आला. “खरं बोललो, ताई. आता गाऱ्हाणं मागं घ्या. पोरींसाठी.”

तिने पर्स खांद्याला लावली.

“घातलेलं गाऱ्हाणं मागे कसं घेतात ते अप्पांना येत होतं,” ती म्हणाली. “मला शिकवायचं राहिलं.”