हरलेल्याच्या डोक्यावरची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे, आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवार आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण आज ते माझ्याने होणार नाही.

माझं बाहेरचं अंग कोल्ह्याच्या कातड्याचं आणि आतलं कोकराच्या लोकरीचं. दूर उत्तरेच्या डोंगरांत, नारीन नदीच्या वरच्या अंगाला, मेंढपाळांच्या उन्हाळी कुरणात, उल्कान नावाच्या बाईने मला आपल्या नवऱ्यासाठी शिवलं. तो भला माणूस मला डोक्यावर चढवून कोडी घालायला बसला, की आजूबाजूच्या तंबूंतली माणसं कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे हातात घेऊन गोळा होत. ज्याला उत्तर येत नाही त्याला 'विकायचं', अशी तिथली रीत. म्हातारा मला काढी, उलटी करी आणि लोकर बाहेर ठेवून हरलेल्याच्या डोक्यावर बसवी. मग लिलाव सुरू होई. "घ्या हो घ्या, खाऊन खाऊन जड झालेला जावई! आहे का कोणी गिऱ्हाईक?" कोणी त्याला बोळक्या उंटासाठी मागे, कोणी लंगड्या कुत्र्यासाठी. विकला गेलेलाच सगळ्यांत मोठ्याने हसे. पुढचा कोणी हरेपर्यंत मी त्याच्याच घरी राहायची. तेव्हा माझं कौतुक होतं. माझ्यामुळे कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

म्हातारा गेला आणि मी त्याच्या थोरल्या मुलाच्या हातात आले. त्याचं नाव बालता. तिथल्या भाषेत बालता म्हणजे कुऱ्हाड. बापाचा घोडा, बापाची जागा, बापाची टोपी, सगळं त्याला मिळालं. फक्त बापाचं मन मिळालं नाही.

त्याच्या धाकट्या भावाची बायको जिपार. नवरा दूर शहरात इमारतींच्या कामावर, आणि ही इथे पहाटेपासून घोड्यांच्या धारा काढायची. पण कोडी रचावीत तर तिनेच. कुमिस घुसळायच्या पिशवीवर तिने एकदा कोडं घातलं होतं: "चामड्याची म्हातारी, दिवसभर मार खाते, मार चुकला, की नासते." बालताला ते सुटलं नाही. त्या दिवशी मी उलटी होऊन त्याच्या डोक्यावर बसले आणि तो लंगड्या कुत्र्याला विकला गेला. सगळे हसले, तोही हसला. पण मी डोक्यावर होते ना, त्याच्या कपाळाची शीर कशी उडत होती ते मला कळत होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. तिथल्या सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. त्या नावाची वस्तू असेल तर तिचंही नाही. म्हणून जिपार लग्न होऊन आल्यापासून कुऱ्हाडीला 'तोडणी' म्हणायची. "तोडणी कुठे ठेवलीत?" असं ती विचारायची आणि पोरंसुद्धा कुऱ्हाड आणून द्यायची. कोणाला त्यात नवल वाटत नव्हतं.

उन्हाळा सरत आला आणि खिंडीपलीकडून एक स्वार निरोप घेऊन आला. जिपारच्या वडिलांनी अंथरूण धरलं होतं आणि ते सारखी लेकीची आठवण काढत होते. जिपार हात पुसत बालतापुढे उभी राहिली.

"भावजी, बाबांना भेटून येऊ का? लगेच परतते."

"आणि धारा कोण काढणार? मी?" आजूबाजूची माणसं हसली, तसा तो आणखी चढला. "कोड्यांत फार हुशार ना तू? मग आज सगळ्यांसमोर सोडव एक. सुटलं तर माझा घोडा घेऊन जा. नाही सुटलं, तर कुरणातून खाली उतरेपर्यंत माहेरचं नाव काढायचं नाही."

"घाला, भावजी," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. कोड्याची भीती तिला कधी नव्हतीच.

उन्हं कलताना माणसं जमली. बालता घसा खाकरून म्हणाला, "अंग रानातलं, डोकं भट्टीतलं, दोघांची सोयरीक झाली आणि अख्खं रान उठलं. सांग, कोण?"

एवढंसं कोडं! तिथल्या शेंबड्या पोरालाही सुटलं असतं. जिपारने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"तोडणी," ती म्हणाली.

"तोडणी? असली वस्तू माझ्या घरात नाही. सगळी दुनिया म्हणते ते नाव सांग."

"भावजी, तुम्हाला ठाऊक आहे मला काय म्हणायचंय ते. खांद्यावर टाकून तुम्ही रानात नेता ती."

"नाव!"

तिने सासूकडे पाहिलं. उल्कान, जिने मला टाका टाका करून शिवलं, ती खाली अंथरलेल्या लोकरी नमद्यावरची नक्षी बघत बसली. तिने स्वतः त्या मुलाचं नाव ठेवलं होतं. तिने ते घेतलं असतं तर कोण अडवणार होतं? बाकीच्यांनाही उत्तर ठाऊक होतं. एरवी एकाच्याही जिभेला हाड नव्हतं, पण त्या दिवशी सगळ्यांची जीभ लाकडाची झाली. वरून दात काढायला मात्र सगळे पुढे! "विका हो विका!" कोणीतरी ओरडलं. बालताने मला उलटी केली आणि तिच्या डोक्यावर दाबली. लंगड्या कुत्र्यालाच विकलं तिला. तिच्या कानशिलांतल्या तापलेल्या रक्ताची धग माझ्या कातड्याला लागत होती. माझ्या हातात असतं तर मी तिथेच फाटून गेले असते.

रीतीप्रमाणे मी तिच्याकडे राहिले. ती रोज धारा काढत होती आणि खिंडीकडे बघत होती. मग पुन्हा तोच स्वार आला. या वेळी तो घोड्यावरून खाली उतरलाच नाही. त्याने नुसती मान खाली घातली. आता मात्र बालताने लगेच परवानगी दिली. मेलेल्या बापासाठी घोडाही दिला.

ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. काळे कपडे घालून ती तंबूत बायकांमध्ये बसली आणि मी तिच्या गाठोड्यात. पुढे सासरची माणसं समाचाराला आली. बालता सगळ्यांच्या पुढे होता. रीतच आहे ना, म्हणून घोड्यावरूनच गळा काढत आला. "अरे माझ्या बापा रे! माझा डोंगर कोसळला रे!" लोकांनी त्याला आधार देऊन खाली उतरवलं.

जिपार उठली. शोकातल्या लेकीने बाहेर यायचं नसतं, पण ती मला हातात घट्ट धरून बाहेर आली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"बालता," ती म्हणाली.

त्याचं रडणं घशातच राहिलं. एक बाई तिला ओढायला धावली आणि अर्ध्या वाटेत थांबली.

"तुमच्या कोड्याचं उत्तर बालता. तेव्हाही मला येत होतं. आता नाव घेतलं मी, सगळ्यांच्या देखत घेतलं. सुटलं ना कोडं? मग पाठवा मला बाबांकडे."

उल्कान मागे घोड्यावर बसली होती. तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मला तिचीही दया आली नाही.

मित्रांनो, कोडी खुशाल घाला. हरलेल्याला हसा, विका, उलटी टोपी घाला. पण ज्याच्या तोंडाला तुम्हीच कुलूप लावलंय, त्याला उत्तर विचारू नका. आणि कोणी तसं विचारत असेल, तर नक्षी बघत बसू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.