डबे खाली ठेवा

आमच्या पोरीला, क्रांतीला, काय आहे ते घरातल्या तीनच माणसांना ठाऊक होतं. मला, माझ्या नवऱ्याला आणि सासऱ्यांना. नवरा फौजेत, वर्षातले दहा महिने राजस्थानात. म्हणजे गावात उरलो आम्ही दोघंच.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. तेही फौजेतलेच, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. क्रांती दोन वर्षांची असताना सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम असं कागदावर लिहून दिलं. मामांनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाले, "ही गोष्ट उंबऱ्याभाईर जाता कामा नये." सहा वर्षं ती गेली नाही. दर शुक्रवारी मी तिला कराडवरून एसटीनं साताऱ्याला थेरपीला न्यायची आणि कुणी विचारलं की माझ्या दाताचं सांगायची. सहा वर्षं चाललेलं दाताचं दुखणं! मला मामांचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर ते माझ्याही सोयीचं होतं. गावानं केलेली कीव मला सोसली नसती.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. दुपारी चारच्या सुमाराला मी दोरीवरचे कपडे काढत होते. वळून बघते तर ओट्यावर क्रांती नाही, नुसत्या चपला. घरामागं लगेच ऊस लागतो. तोडीला आलेला, डोक्याच्या दुप्पट उंच, सलग पंधरा एकर. त्याच्या पलीकडच्या टोकाला कठडा नसलेली विहीर. ओल्या मातीत तिची अनवाणी पावलं उसाकडं गेलेली दिसली. नावानं हाक मारली तर ती ओ देत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी ओरडत सुटले. आईला दुसरं काय सुचणार.

गाव धावून आलं. आमच्या गावाला बाकी काहीही नावं ठेवा, पण अडचणीला धावतं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, त्यामुळं माणसं आत शिरायची ती डबे वाजवत आणि आरोळ्या ठोकत. शेजारच्या धनाजीनं तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे सगळ्यांना वाटले.

"वयनी, घाबरू नगा. बिबट्या आसंल तर पळंल, आन पोरगी आवाजाकडं यील."

चाळीस-पन्नास माणसं तीन बाजूंनी उसात शिरली आणि एकदम दणका सुरू झाला.

मिक्सर लावला तरी क्रांती कान दाबून कोपऱ्यात शिरते. दारावरून वरात गेली तेव्हा तिनं स्वतःचं मनगट चावून रक्त काढलं होतं. ही माणसं तिला बोलवत नव्हती, हाकलत होती. तीन बाजूंना आवाज, चौथ्या बाजूला विहीर. आणि त्यांचा तरी काय दोष, आम्ही कुणाला सांगितलं होतं कुठं.

मी मामांकडं धावले. ते बांधावर उभे राहून काठीनं माणसांना रांगेत लावत होते.

"मामा, आवाज बंद करायला सांगा."

"बिबट्या हाय आत. गेल्या महिन्यात शेळी न्हेली."

"ती भिऊन हिरीत जाईल. तुमाला ठावं हाय."

भोवतीची माणसं ऐकत होती आणि मामा त्यांच्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मला असा संताप आला की सासरा-सून काही उरलं नाही. धनाजीच्या हातातला डबा मी हिसकावून घेतला.

"डबे खाली ठेवा. माझ्या पोरीला आवाज सोसत न्हाई. तिचं डोकं आपल्यावानी चालत न्हाई, जलमापासनं. दाताचं मी खोटं सांगत हुते."

जवळची चार माणसं थांबली. लांबची वाजवतच होती, माझा आवाज तिथवर कुठला पोचतोय. तेव्हा मामांनी काठी वर केली आणि परेडच्या आवाजात हुकूम सोडला, "बंद करा." माणसांनी तो पुढं पुढं पोचवला, आणि सगळा ऊस शांत झाला.

बिबट्याच्या उसात हात बांधून मुकाट उभं राहणं काय असतं, ते आमच्या भागातल्या माणसालाच कळेल. पण एकही जण बाहेर आला नाही.

बराच वेळ काही ऐकू येईना. तेवढ्यात माझ्या मनात एक विचार आला. तो मी अजून नवऱ्यालाही सांगितलेला नाही. वाटलं, आता काही ऐकूच आलं नाही, तर आठ वर्षांनी मला सलग झोप मिळेल. आला तसा तो गेला. पण आला होता, आणि त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

मग विहिरीच्या अंगाला हुंकार ऐकू आला. एकसुरी, तोंड मिटून काढलेला. मी एकटीच गेले, पाचटावर हळू पाय टाकत. विहिरीच्या चार सऱ्या अलीकडं ती कान दाबून, गुडघ्यात मान घालून बसली होती. गालावर उसाच्या पानांनी ओरखडे काढलेले. धरलं तर ती पळते, म्हणून मी दोन हात लांब बसले. हुंकार थांबायला अर्धा तास तरी लागला. तेवढा वेळ आत पन्नास माणसं उभी होती आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. मग ती उठली आणि माझ्याकडं न बघता घराच्या दिशेनं चालायला लागली. मी तिच्या मागं.

आमच्यामागनं माणसंही हळूहळू बाहेर आली, वाजू नयेत म्हणून डबे पोटाशी धरून. म्हाताऱ्या तानुबाईनं हळूच विचारलं, "काय म्हणत्यात गं ह्येला? कायतरी नाव आसंल की."

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले. "ऑटिझम. ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर." आणि मग खालच्या आवाजात, डॉक्टरीणबाईंच्या कागदावरचं पुढचं सगळं त्यांनी आपल्या बोलीत ओळीनं सांगितलं. आवाज सोसत न्हाई. कुणी अंगाला शिवलेलं खपत न्हाई. समजतं, पर बोलून दावता येत न्हाई. कुणाची चूक न्हाई.

सहा वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता, आणि ते कुठंही अडखळले नाहीत. एकट्यानं बसून किती वेळा म्हणून बघितला असेल त्यांनी. घरी गेल्यावर त्यांच्याशी कडाक्याचं भांडायचं मी ठरवलं होतं. गेल्यावर मी त्यांना नुसतं पाणी दिलं.