तरीही पुढे जा

प्रोग्रामरबाईंच्या पदरात काय पडणार होतं, त्याचा हिशोब बोटांवर मावणारा होता: तीन वर्षांच्या करारानंतर कायम नोकरी, हक्काची रजा आणि "अजून कच्चीच का गं?" या आईच्या रोजच्या विचारणेतून सुटका. बदल्यात करायचं काय, तर एक खिळा आणखी घट्ट ठोकायचा.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार आता संगणकावरच घेत. बरोबर ईमेल टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. ही अट बाईंनीच घातली होती, साहेबांच्या सांगण्यावरून. तक्रारींचा आकडा धडाधड उतरला आणि साहेबांची वरपर्यंत वाहवा झाली. पण काउंटरवरच्या मावशी वस्ताद. ज्याच्याकडे ईमेल नाही, त्याच्यासाठी त्या पाठीमागच्या पाटीवरचा पत्ता ठोकून देत. तो पत्ता साहेबांचा होता.

"सकाळपासून एकसष्ट वेळा मला कळवण्यात आलंय, की माझ्या नळाला गढूळ पाणी येतं!" साहेब कडाडले.

"येत नाही ना? मग नशीबवान आहात," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी बाईंकडे मोर्चा वळवला. "एका ईमेलवर एकच तक्रार. शुक्रवारपर्यंत करून टाका. तुमच्या कायम होण्याच्या कागदावर शुक्रवारीच सही करतो."

नेमकं किती घट्ट करायचं ते बघायला बाई काउंटरपाशी जाऊन बसल्या. समोर बेकरीवाला उभा होता, हातात तपकिरी पाण्याची बाटली.

"ईमेल?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"सुनेचा असेल?"

"पाणी माझ्या नळाला येतं, मावशी. सून कशाला मध्ये?" त्यानं बाटली बाईंच्या पुढ्यात आपटली. "तुम्ही शिकलेल्या दिसता. यातला एक घोट घ्या, मी लगेच ईमेल काढून आणतो."

बाईंनी घोट घेतला नाही. वर जाऊन त्यांनी 'ईमेल चुकीचा आहे' या लाल अक्षरांखाली एक बटण बसवलं: 'तरीही पुढे जा'. पोचपावती छापून हातात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बेकरीच्या एकट्या गल्लीतून त्र्याण्णव तक्रारी आल्या.

साहेब धावत आले. "काढा ते!"

"नाही काढणार."

"शुक्रवार लक्षात आहे ना?"

"पाठ आहे. तुम्हीच काढा ना, साहेब. दोन मिनिटांचं काम, मी दाखवते. फक्त कोणी काढलं आणि का काढलं, ते इथे लिहावं लागतं. मग ते पुसता येत नाही."

"शुद्धलेखन मी तपासून देईन," दारातून मावशी म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले, 'का'च्या रकान्यापर्यंत पोचले आणि उठून गेले.

शुक्रवारी सही झाली नाही. गल्ली खोदली, तेव्हा गटाराला लागून फुटलेली पाण्याची वाहिनी सापडली. साहेबांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्यांना काहीच किंमत मोजावी लागली नाही. मावशींना साहेबांचा ईमेल वापरल्याबद्दल दोन पानी खुलासा लिहायला सांगितला, तो त्यांनी सहा ओळींत उरकला. बाईंचा करार महिनाअखेरीस संपला, कोणी वाढवला नाही. त्यांच्या जागी आलेल्याला पहिल्याच दिवशी बटण काढायला सांगितलं गेलं. त्यानं तो रकाना पाहिला आणि लेखी हुकूम मागितला. हुकूम अजून आलेला नाही. किंमत मोजली ती एकट्या बाईंनी, आणि कोणी विचारलंच तर म्हणतात, स्वस्तात पडलं.