उंचावरची कडी

सहा वर्षांच्या चिमणीला तिचा बाप अपंगांच्या वसतिगृहात सोडून गेला. "आठ दिवसांत येतो," म्हणाला होता. त्याला आता छप्पन्न वर्षं झाली. तिचे पाय जन्मापासून दुमडलेले. चाकं लावलेल्या फळीवर बसून, हातांनी फरशी रेटत ती फिरायची. धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालता घालता केस पिकले.

संस्थेला साठ वर्षं झाली म्हणून इतिहास लिहायचा ठरला. एक निवृत्त मास्तर वही घेऊन तिच्यासमोर बसले. "ताई, तुमच्याइतकं जुनं इथं कुणी नाही. सगळं सांगा."

असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिने सांगितलं.

वसतिगृह चालवणाऱ्या तेव्हाच्या मोठ्या बाई अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना कोठीत कोंडायच्या. एकदा एका मुक्या मुलाला कोंडून त्या भाचीच्या लग्नाला निघून गेल्या. पोरगं टाचांनी दार बडवत राहिलं. नऊ वर्षांची चिमणी बाहेर दाराला चिकटून बसली होती. कडी उंचावर होती. तिने स्वयंपाकीणबाईचा हात धरला, तर ती खेकसली, "बाईंनी घातलेली कडी मी काढू? उद्या मला कामावर तू ठेवणारेस का गं?"

दुसऱ्या दिवशी बडवणं थांबलं.

"मला वाटलं, झोपला," चिमणीचा आवाज फाटला. "मास्तर, मला बरं वाटलं हो!"

बाई परतल्या तेव्हा पोरगं गार पडलं होतं.

मास्तरांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. पण संस्थेचा सचिव त्याच बाईंचा मुलगा. त्याने चिमणीला बोलावलं. "मावशी, आई गेली. आता कशाला उकरून काढता? आणि पुरावा काय?"

"मी आहे की."

तो नुसता हसला.

पुस्तकाची प्रत तिच्या हातात देताना मास्तरांनी मान वर केली नाही. आत छापलं होतं: 'त्या वर्षी एक बालक तापाने दगावले. मोठ्या बाई अखेरपर्यंत त्याच्या उशाशी होत्या.'

समारंभात चिमणी भर सभेत ओरडली, "खोटं आहे! कोंडून मारलं त्याला!"

सचिव माइकवर हळहळला, "वय झालं की होतं असं. आम्ही सांभाळून घेतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने तिला गाडीत घालून दूरच्या दुसऱ्या संस्थेत पाठवलं. फळी मागेच राहिली. तिकडे चाकाची खुर्ची मिळेल म्हणाले. खुर्ची आली नाही. चिमणी खाटेवरच असते. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून खुर्चीचं विचारते. "बघतो हं आजी," म्हणत माणसं पुढे जातात.