वाडग्यातल्या पाच रेघा

मित्रांनो, मी मातीचा एक जुना वाडगा आहे. माझा काठ दोन ठिकाणी उडाला आहे आणि पोटात पाच आडव्या रेघा आहेत. माझ्या जन्माच्या वेळी त्या नव्हत्या.

नाईल नदीकाठच्या तासोया नावाच्या कुंभारणीने मला घडवलं. भट्टीतून काढल्यावर तिने मला बोटाने टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाली, "हा टिकेल." मग होडीने आणि पुढे उंटाच्या पाठीवरून मी वाळवंटातल्या ख्रिस्ती साधूंच्या वस्तीत आलो आणि पाएसे नावाच्या साधूच्या वाट्याला गेलो.

पाएसेची खोली एवढीशी होती. एक चटई, एक पाण्याचा घडा आणि मी. पहाटेपासून तो खजुराच्या पात्यांच्या टोपल्या विणायचा आणि विणता विणता स्तोत्रं म्हणायचा. दुपार कलली की वाळलेली भाकरी माझ्यात भिजत घालायचा, वर चिमूटभर मीठ. दिवसाचं जेवण तेवढंच.

त्याच्याजवळ होरियन नावाचा धाकटा साधू राहत असे. एका हिवाळ्यात पाएसे तापाने फणफणला असताना होरियन त्याचा कातड्याचा झगा घेऊन शहरात पळून गेला. पाएसे कसाबसा वाचला. त्याबद्दल तो कुणाशी एक शब्द बोलला नाही. पण पुढचा चाळीस दिवसांचा मोठा उपास आला, तेव्हा त्याने खिळ्याने माझ्या पोटात एक रेघ ओढली. अन्न या रेघेच्या वर येऊ द्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी त्याने तिच्याखाली दुसरी ओढली. अशा पाच वर्षांत पाच रेघा झाल्या.

शेजारचे साधू मला हातात घेऊन पाहायचे. "पाएसेचा वाडगा बघितलास? आपण नुसते खादाड," असं एकमेकांना म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा तोरा चढला होता. अर्धा रिकामा राहण्यात मोठेपणा आहे असं मला वाटू लागलं होतं.

पाचव्या वर्षी, उपासाच्या मध्यावर होरियन परत आला. पाय सोलवटलेले, गाल बसलेले, खांद्यावर तोच झगा. वस्तीची रीत अशी की पाहुणा आला की त्याचे पाय धुवायचे आणि उपास असला तरी त्याच्याबरोबर जेवायचं. एका भांड्यात जेवलं की जुनं भांडण संपलं असं सगळे मानत.

पाएसेने त्याचे पाय धुतले. भाकरी भिजवून मला होरियनपुढे ठेवलं आणि स्वतः टोपली विणायला बसला.

"दादा, तूही घे ना," होरियन हळूच म्हणाला.

"माझी आजची रेघ झाली."

"दोनच घास. तू खाल्लंस तर मला कळेल, तू मला माफ केलंस."

"उपास मोडायला सांगू नकोस. तू जेव."

होरियनने झगा काढला, नीट घडी करून चटईवर ठेवला आणि तो उठून निघून गेला. अन्नाला त्याने बोटही लावलं नाही.

पाएसे प्रार्थनेला उभा राहिला. ‘आम्ही जशी इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर’ ही ओळ आली आणि तिथेच त्याची जीभ अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. शेवटी मला उचलून तो वस्तीतल्या सर्वांत वृद्ध साधूकडे, अब्बा फीबकडे गेला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

अब्बांना दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या पोटातून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पोरा, विहिरीत अशा खुणा दिसल्या तर आपण काय म्हणतो?"

"आटत चालली म्हणतो, अब्बा."

"हं. तो कुठल्या वाटेने गेला?"

"मावळतीकडे."

"तिकडे पाणी नाही रे."

पाएसे पळत सुटला. एका हातात घडा, काखेत मी आणि ओच्यात भाकऱ्या. माझा काठ पहिल्यांदा उडाला तो त्याच धावपळीत, एका दगडावर आपटून. मला त्याचं दुःख नाही. ऊन उतरत असताना एका खडकाच्या सावलीत होरियन पडलेला सापडला. त्याचे ओठ फुटले होते. पाएसेने त्याला घोट घोट पाणी पाजलं.

"कशाला आलास, दादा?" होरियनने डोळे उघडून विचारलं.

"भूक लागलीय. एकट्याने खाववत नाही."

त्याने मला काठापर्यंत भरलं. पाचही रेघा बुडाल्या. दोघांचे हात माझ्यात आले.

"मीठ विसरलास," होरियन म्हणाला.

"पाच वर्षांत आज पहिल्यांदाच काही विसरलोय. खा गुपचूप."

दोघंही रडत होते आणि जेवत होते. इतका भरलेला मी कधीच नव्हतो.

पुढे पाएसे उपास करतच राहिला, पण खिळ्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. त्याला वाळूत निजवून आता कितीतरी वर्षं झाली. होरियनही गेला. काही दिवस मी कोनाड्यात धूळ खात पडलो होतो. हल्ली कुणीतरी मला वस्तीच्या दाराशी ठेवलं आहे, आल्यागेल्यासाठी.

मित्रांनो, तुम्ही जरूर उपास करा. माझा काठ सांभाळा, मला उन्हात तडकू देऊ नका. पण माझ्या रेघा मोजत बसू नका. दारात कुणी मान खाली घालून उभा असेल, तर मला काठोकाठ भरा आणि पहिला घास तुम्ही घ्या, म्हणजे त्याला दुसरा घेता येईल.